अंगठा लागत नाही

“इन्नोंद सल इडी,” काउंटरमागचा मुलगा म्हणाला. आणखी एकदा ठेवा.

तात्यांनी अंगठा सदऱ्याला पुसला, त्यावर फुंकर मारली आणि काड्यापेटीएवढ्या यंत्राच्या काचेवर पुन्हा टेकवला. पडद्यावर तीच तांबडी ओळ उमटली. मग तर्जनी झाली, मधलं बोट झालं, डावा हात झाला. मुलाने खणातून व्हॅसलीनची डबी काढली आणि स्वतःच्या हाताने तात्यांच्या अंगठ्याला थोडं व्हॅसलीन चोळलं. ही युक्ती त्याला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलेली नाही, पण या धंद्यातल्या सगळ्यांना ती ठाऊक असते. यंत्राला मात्र व्हॅसलीन लावलेला अंगठाही पटला नाही.

“आगल्ल,” मुलगा म्हणाला. होत नाही.

तात्या माझ्याकडे वळून म्हणाले, “पस्तीस वर्सं मूस उचलतोय. तेजाबात घालून घालून ठसं उरत्यात व्हय? सही करतो म्हटलं तर सही चालंना, आन् अंगठा मागत्यात तर अंगठा लागंना.”

बंगळूरच्या नगरथपेटेत जुनं सोनं गाळून शुद्ध करणारे जे मराठी लोक आहेत, त्यांच्यातले हे एक. गल्लीत सगळे त्यांना तात्याच म्हणतात. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडच्या दुष्काळी गावांतून गलाईचं काम करणारी माणसं कैक दशकांपासून देशभर पांगली आहेत. सराफ बाजार असेल तिथे एखाद्या बोळात, जिन्याखाली, भट्टी आणि तेजाबाची बरणी घेऊन त्याच भागातल्या विट्याकडचा कुणीतरी बसलेला सापडतोच. सोन्याचा टंच नजरेने सांगणारी ही माणसं. तात्यांचं शिक्षण सातवीपर्यंत झालंय. अक्षर वळणदार आहे. कन्नड, तमिळ आणि बाजारापुरती मारवाडी बोलतात. खिशात स्मार्टफोन आहे, त्यावर गावाकडच्या बैलगाडा शर्यतींचे व्हिडिओ बघतात. बँकेने केवायसी मागितलं होतं, खातं गोठायची वेळ आली होती, आणि त्यासाठी दुकान अर्धा दिवस बंद ठेवून ते पेटेतल्या या सेवा केंद्रात आले होते. ही त्यांची दुसरी खेप.

आपल्याकडे अंगठा लावणं ही निरक्षर असल्याची कबुली होती. ‘अंगठेबहाद्दर’ ही शिवी होती. सही यावी म्हणून आपल्या आज्या प्रौढशिक्षणाच्या वर्गात कंदिलाखाली बसल्या. आता प्राध्यापकापासून हमालापर्यंत सगळ्यांना अंगठा मागतात, आणि ज्याने हाताने कष्ट केले त्याचाच अंगठा पटत नाही. गलाईवाला, गवंडी, भांडी घासणारी बाई, ऊसतोड कामगार. झिजलेल्या बोटांच्या माणसांची यादी आणि सरकारी योजनांच्या लाभार्थ्यांची यादी बरीचशी एकच आहे.

हे सगळं घडतंय ते बंगळुरात. एखाद्या आडगावातली गोष्ट असती तर ‘अजून तिथे पोचायचंय’ असं म्हणून पुढे गेलो असतो. पण आधार, यूपीआय, घरपोच किराणा, बोटाच्या टोकावर रिक्षा, या साऱ्याशी ज्या शहराचं नाव जोडलेलं आहे, त्या शहराच्या मध्यावर, जुन्या पेटेत हा अंगठा अडला होता.

*

या शहराने देशाला संगणक शिकवला हे खरंच आहे. किओनिक्स या सरकारी महामंडळाने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस शहराच्या दक्षिणेला इलेक्ट्रॉनिक्स सिटीची आखणी केली. १९८१ साली पुण्यात जन्मलेली इन्फोसिस १९८३ मध्ये इथे आली (पुणेकरांची ती हळहळ अजून संपलेली नाही). १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने इथे केंद्र उघडलं. २००९ मध्ये नंदन निलेकणी इन्फोसिस सोडून आधारच्या प्राधिकरणावर गेले, आणि आधारचं तांत्रिक केंद्र बंगळुरातच उभं राहिलं. पहिला आधार क्रमांक दिला गेला तो मात्र महाराष्ट्रात, २९ सप्टेंबर २०१० रोजी, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात, रंजना सोनवणे यांना. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्यासाठी टेंभलीला गेले होते. नंतरच्या वर्षांत पत्रकार पुन्हा पुन्हा त्या घरी जाऊन ‘कार्डाने काय मिळालं?’ असं विचारत राहिले. उत्तरात फार काही नसे.

बंगळूरचं एक जुनं छायाचित्र प्रसिद्ध आहे. इस्रोचा ‘ॲपल’ हा उपग्रह बैलगाडीवर ठेवलेला, साल १९८१. नवं शतक जुन्या शतकाच्या पाठीवर, अशा नजरेने ते बघितलं गेलं. खरी गोष्ट वेगळी होती. अँटेनाच्या चाचणीसाठी आजूबाजूला धातू नसलेली गाडी हवी होती, म्हणून लाकडी बैलगाडी मुद्दाम आणली. त्या कामाला तेच साधन योग्य होतं. हे चित्र लक्षात ठेवा, त्याचं काम पुढे पडणार आहे.

आकडे बघितले तर डिजिटल दरी बुजत चालली आहे असं वाटतं. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातल्या जेमतेम १५ टक्के आणि शहरी भागातल्या ४२ टक्के घरांत इंटरनेट होतं. २०२५ च्या पाहणीत देशातल्या ८६ टक्क्यांहून अधिक घरांत ते पोचलं आहे. सात वर्षांत एवढी मजल म्हणजे कौतुकच. पण घरात इंटरनेट आहे म्हणजे कोणाच्या हातात आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९-२० च्या सुमारास, कर्नाटकातल्या स्त्रियांना विचारलं, कधीतरी इंटरनेट वापरलंय का? ३५ टक्के ‘हो’ म्हणाल्या. पुरुषांत हाच आकडा ६२ टक्क्यांवर होता. महाराष्ट्रात स्त्रिया ३८ टक्के, पुरुष साडेएकसष्ट. म्हणजे पुढारलेपणाचा टेंभा मिरवणाऱ्या दोन्ही राज्यांत गोष्ट एकच. ‘घरात’ या शब्दाखाली बरंच काही झाकलं जातं, हे बायकांना वेगळं सांगायला नको.

*

बंगळुरातल्या हुशार माणसांनी या प्रश्नाकडे दुर्लक्ष केलं असं कुणी म्हणू शकणार नाही. भारतीय विज्ञान संस्थेतले विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन आणि व्ही. विनय या प्राध्यापकांनी एन्कोअर या कंपनीबरोबर १९९९ च्या सुमारास ‘सिंप्युटर’चा घाट घातला. तळहातावर मावणारा, भारतीय भाषांत बोलून दाखवणारा, गरिबाला परवडेल असा संगणक. त्यातली मला सर्वांत आवडणारी कल्पना वाटून घेण्याची होती. यंत्र गावाने मिळून घ्यायचं, प्रत्येकाकडे आपापलं स्मार्ट कार्ड, ते खोचलं की यंत्र तुमचं. २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या साहाय्याने ‘अमिडा’ नावाने तो बाजारात आला. हात हलवला की पान उलटायचं, आणि हे आयफोनच्या तीन वर्षं आधी. किंमत दहा हजारांच्या आसपास सुरू होऊन वर जायची. विक्री काही हजारांत अडकली. तोवर साधा मोबाइल स्वस्त झाला होता, आणि लोकांना वाटून घेण्यापेक्षा स्वतःचं हवं होतं.

२००५ मध्ये मायक्रोसॉफ्टची संशोधन प्रयोगशाळा बंगळुरात सुरू झाली. तिथे केंतारो तोयामा या संगणकशास्त्रज्ञाने गरिबांसाठी तंत्रज्ञान या विषयावर एक गट जमवला. त्यांच्यातले काही जण वारणानगरला गेले, आणि तिथली हकीकत मराठी वाचकाने ऐकावी अशी आहे. तात्यासाहेब कोऱ्यांनी उभ्या केलेल्या वारणेच्या सहकारी साम्राज्यात १९९८ साली ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला होता. कोल्हापूर-सांगलीतली सत्तर गावं, गावोगावी संगणकाची केंद्रं, आता शेतकरी जगाशी जोडला जाणार, अशा बातम्या. आठेक वर्षांनी बंगळूरच्या संशोधकांनी जाऊन बघितलं तर शेतकरी केंद्रावर येत होते ते उसाची नोंद, तोडीची पाळी आणि किती टन भरला ते विचारायला. एवढंच. मग त्यांनी सात गावांत संगणक बाजूला ठेवून साध्या मोबाइलवर एसएमएसने तीच माहिती द्यायला सुरुवात केली. शेतकऱ्याने आपला नंबर पाठवायचा, वजन परत यायचं. ते चाललं. कुणाला काय हवंय हे विचारायला आठ वर्षं लागली, असं मी म्हणेन. संशोधक सभ्य असल्याने त्यांनी तसं लिहिलेलं नाही.

याच गटाचा आणखी एक प्रयोग होता, नाव ‘केल्सा प्लस’. केल्सा म्हणजे कन्नडमध्ये काम. सदाशिवनगरातल्या त्यांच्या स्वतःच्या इमारतीत सुरक्षारक्षक, झाडलोट करणारे, देखभाल करणारे असे तीस-पस्तीस लोक होते. वरच्या मजल्यांवर संगणकाचे डॉक्टर, खाली तळघरात ही माणसं विसावा घ्यायची. त्या तळघरात इंटरनेट जोडलेला एक संगणक ठेवून दिला. शिकवणी नाही, नियम नाहीत, काय बघायचं यावर बंधन नाही. लोक एकमेकांचं बघून शिकले. गाणी ऐकली, टायपिंग केलं, इंग्रजीची भीती कमी झाली. हा प्रयोग मला सिंप्युटरपेक्षा मोठा वाटतो, कारण त्यात यंत्र नवं नव्हतं. नवी होती ती मोकळीक. चुकलं तर ओरडणारं कुणी नव्हतं आणि घाई नव्हती. आपल्यापैकी ज्यांनी संगणक ऑफिसच्या वेळेत, ऑफिसच्या खर्चाने, चुका करत करत शिकला, त्यांना ही चैन होती हे आठवतसुद्धा नाही.

तोयामांनी पुढे २०१५ मध्ये पुस्तक लिहिलं आणि भारतातल्या वर्षांचा निष्कर्ष मांडला. तंत्रज्ञान माणसाची मूळची ताकद फुगवतं. ज्याच्याकडे आधीच शिक्षण, ओळखी, पैसा आहे त्याचं फुगून मोठं होतं. ज्याच्याकडे शून्य आहे त्याच्या शून्याला कितीही गुणलं तरी हिशेब हलत नाही.

याची सर्वांत धडधडीत साक्ष बंगळूरच्या वेशीवरच्या जमिनींनी दिली. कर्नाटकाने २००१ पर्यंत जमिनीचे उतारे संगणकावर आणले, त्या योजनेचं नाव ‘भूमी’. आपल्याकडच्या सातबाऱ्याला इथे पहाणी म्हणतात. सुमारे दोन कोटी नोंदी, १७७ तालुका केंद्रं, पंधरा रुपयांत छापील उतारा. तलाठ्याची, म्हणजे इथल्या ग्राम लेखापालाची, मनधरणी संपली. उताऱ्यासाठी चिरीमिरी देणं पुष्कळ कमी झालं, हे बंगळूरच्याच पब्लिक अफेअर्स सेंटरने पाहणी करून दाखवलं. ते खोटं नव्हतं. पण २००७ मध्ये सॉलोमन बेंजामिन आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी शहराभोवतीच्या गावांत फिरून दुसरी बाजू मांडली. त्यांच्या मते व्यवहारांना लागणारा वेळ आणि लाच वाढली होती. गावच्या पातळीवरची, तोंडओळखीवर चालणारी लवचीक व्यवस्था तालुक्याला गेल्यावर लहान शेतकऱ्याचा हात तिथवर पोचेना. आणि एका ठिकाणी गोळा झालेली स्वच्छ माहिती सर्वांत जास्त कामी आली ती मोठाल्या जमिनी गिळायला बसलेल्यांच्या. शहराला त्या वर्षांत जमीन हवीच होती.

भाषेचं तर विचारूच नका. भूमीचा उतारा कन्नडमध्ये. बेळगाव-खानापूरच्या मराठी शेतकऱ्याला तो वाचून घ्यायला माणूस लागतो. सीमाभागाचा हा वाद जुना आहे आणि इथे उगाळायचा नाही, पण ‘डिजिटल’ झालं म्हणून तो मिटला नाही, एवढं नोंदवून ठेवतो. कोविडच्या लशीची नोंदणी सुरू झाली तेव्हा कोविन हे सरकारी संकेतस्थळ इंग्रजीत होतं. मराठीसकट इतर भाषा आल्या त्या जून २०२१ मध्ये. त्याआधीच्या मे महिन्यात बंगळूरच्या आयटीतल्या पोरांनी प्रोग्रॅम लिहून, मिनिटामिनिटाला जागा तपासून, आसपासच्या तालुक्यांतल्या आरोग्य केंद्रांवरच्या पाळ्या पटकावल्या आणि गाड्या काढून तिकडे गेले. तिथल्या गावकऱ्यांनी आपल्याच दवाखान्याच्या दारात शहरी गाड्यांची रांग बघितली. त्यात बेकायदा काही नव्हतं. ३१ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने केंद्र सरकारला डिजिटल दरीबद्दल खडे बोल सुनावले, आणि २१ जूनपासून आगाऊ नोंदणीची सक्ती गेली.

त्याच्याही आदल्या वर्षी, मे २०२० मध्ये, घरी जाण्यासाठी तडफडणाऱ्या परप्रांतीय मजुरांना कर्नाटक सरकारच्या ‘सेवासिंधू’ या संकेतस्थळावर नाव नोंदवायला सांगितलं होतं. ज्यांनी या शहरातल्या काचेच्या इमारती बांधल्या, त्यांनी ऑनलाइन अर्ज भरायचा. मध्येच मजूर थांबावेत म्हणून राज्य सरकारने रेल्वेगाड्याच नकोत असं कळवलं, गदारोळ झाल्यावर निर्णय फिरवला. त्या दिवसांत एका बांधकामाच्या कुंपणाबाहेर मी एकाच फोनभोवती अठरा माणसं उभी बघितली. फोनवाला प्रत्येकाचं नाव इंग्रजीत कसं लिहायचं ते विचारत होता, आणि ते त्या अठरांपैकी कुणालाच सांगता येत नव्हतं.

*

मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसला फुलं विकणारी एक बाई आहे. (मल्लेश्वरम म्हणजे काडू मल्लेश्वराचं देऊळ, ज्याला व्यंकोजीराजे भोसल्यांनी १६६९ साली गाव इनाम दिलं. शहाजीराजांच्या जहागिरीच्या या खुणा बंगळुरात जपून शोधाव्या लागतात.) तिच्या टोपलीच्या कडेला क्यूआरचा फलक खोचलेला आणि शेजारी बोलणारी पेटी. वीस रुपये पाठवले की पेटी कन्नडमध्ये पैसे मिळाल्याचं ओरडते. ती मान हलवते आणि मोगऱ्याचा गजरा पानात बांधते. डिजिटल भारताच्या जाहिरातीत शोभेल असं चित्र.

“अक्का, दिवसाकाठी किती होतात?” मी विचारलं.

“मुलगा सांगतो रात्री.”

फलक तिच्या टोपलीला, खातं मुलाचं. तिच्याकडे फोन आहे तो बटनांचा. पेटीचा आवाज हीच तिची पावती. दिवसभर ती ऐकते आणि मनात बेरीज करते. बेरीज आणि मुलाने सांगितलेला आकडा जुळतो का, हे मी विचारलं नाही. तिनेच सांगितलं, “तो खोटं बोलत नाही. पण आधी पैसे माझ्या कनवटीला असायचे.”

जे बँकेत गेले, क्यूआर लावून बसले, सरकारने सांगितलं तसं वागले, त्यांना जुलै २०२५ मध्ये दुसरा धक्का बसला. कर्नाटकाच्या व्यावसायिक कर खात्याने यूपीआयच्या चार वर्षांच्या नोंदी काढल्या आणि ज्यांच्या खात्यात वर्षाला चाळीस लाखांवर (सेवा देत असतील तर वीस लाखांवर) रक्कम आली, अशा हजारो लहान दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा धाडल्या. बेकरीवाले, चहावाले, विडी-पानवाले. हावेरीच्या एका भाजीवाल्याला २९ लाखांची नोटीस गेली, आणि ताज्या भाजीवर तर जीएसटीच नाही. आठवड्याभरात बंगळूरच्या गल्लीबोळांत पुठ्ठ्यावर हाताने लिहिलेले फलक लटकले, ‘नो यूपीआय, ओन्ली कॅश’. ज्या शहरातून फोनपे देशभर पसरलं, तिथे क्यूआरचे कागद लोकांनी स्वतःच्या नखांनी खरवडून काढले. २५ जुलैला बंद पुकारला गेला. २३ तारखेला मुख्यमंत्री सिद्धरामय्यांनी व्यापाऱ्यांना बोलावून जुनी थकबाकी वसूल करणार नाही, मात्र नोंदणी करा, असं सांगितलं आणि बंद मागे घेतला गेला.

कर चुकवावा असं माझं म्हणणं नाही. पण त्या खात्यांत मेहुण्याने पाठवलेले उसने पैसे होते, भिशीची रक्कम होती, सोसायटीचा हप्ता होता, सगळं एकाच क्यूआरवर. धंद्याचं खातं आणि घरचं खातं वेगळं ठेवावं, दीड कोटीपर्यंत एक टक्का भरून सुटता येतं अशी कंपोझिशन योजना आहे, हे त्यांना कुणी सांगितलं होतं? फलक चिकटवणारा पोरगा दोन मिनिटांत आला आणि गेला. पैसे घ्यायचं कसब तेवढं शिकवलं. त्या पैशाचा माग सरकारला दिसतो आणि पुढे त्याचा अर्थ काय लावला जाईल, हे शिकवायला कुणी आलं नाही.

हे फक्त गरिबांचं दुखणं आहे असं समजू नका. माझे एक काका, सरकारी नोकरीतून निवृत्त, पुण्यात राहतात, शब्दकोडं पेनाने सोडवतात. ‘बिल भरलेलं नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडू’ असा मेसेज त्यांना आला. त्यांनी दिलेल्या नंबरावर फोन केला, सांगितलेलं ॲप उतरवून घेतलं आणि पंधरा मिनिटांत पेन्शनीचा मोठा तुकडा गेला. काकांना पैशापेक्षा लाजेने जास्त छळलं. आठ दिवस त्यांनी कुणाला सांगितलंच नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज भरून देणारा माणूस.

*

नगरथपेटेतल्या त्या केंद्राकडे परत येतो. ‘केंद्र’ म्हणजे आठ बाय दहाचा गाळा. एक संगणक, एक प्रिंटर, लॅमिनेशनचं यंत्र, अंगठ्याचं यंत्र आणि भिंतीवर आधार, पॅन, ई-खाता, शिधापत्रिका, पेन्शन अशी दरपत्रिका. चालवणारा मुलगा रायचूरकडचा, बी.कॉम. झालेला. कॅम्पसच्या नोकऱ्यांत इंग्रजी मुलाखतीत मागे पडला. तो सकाळी दहा ते रात्री नऊ इतरांच्या वतीने बटनं दाबतो. सरकारची अधिकृत बंगळूर वन केंद्रं २००५ पासून आहेत, त्यांचा लोकांना उपयोगही झाला, पण गर्दी आणि वेळ यांमुळे पेटेतला माणूस याच्याकडे येतो.

२०२३ च्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात त्याचा धंदा सर्वांत तेजीत होता. कर्नाटकातल्या काँग्रेस सरकारच्या हमी योजना तेव्हा सुरू झाल्या. दोनशे युनिट मोफत विजेच्या गृहज्योतीची नोंदणी जूनमध्ये, घरातल्या कर्त्या बाईला महिना दोन हजार देणाऱ्या गृहलक्ष्मीची जुलैमध्ये. दोन्ही वेळा सर्व्हर झोपले. बायका सकाळी सहापासून केंद्रांसमोर बसलेल्या. अर्जाचे पैसे केंद्राला सरकार देणार, बाईकडून काही घ्यायचं नाही, असा नियम. तरी पैसे घेतल्याच्या तक्रारी आल्या आणि मंत्री लक्ष्मी हेब्बाळकर यांना इशारे द्यावे लागले. वर्षभराने महाराष्ट्रात लाडकी बहीण आली, २०२५ मध्ये तिची ई-केवायसी आली, नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचा ओटीपी मागितला गेला, आणि विधवांनी विचारलं, आम्ही कुणाचा ओटीपी आणायचा? गाडी राज्य बदलून त्याच खड्ड्यात गेली.

कर्नाटकाच्या हमी योजनांमधली जी सर्वांत सुरळीत चालली, तिला अर्जच नव्हता. शक्ती योजना, ११ जून २०२३ पासून साध्या सरकारी बसमध्ये बायकांना मोफत प्रवास. कंडक्टरला कर्नाटकातला पत्ता असलेलं कुठलंही सरकारी ओळखपत्र दाखवायचं, तो शून्य रुपयांचं तिकीट फाडतो. पुढे सेवासिंधूवरून स्मार्ट कार्ड घ्यावं लागेल असं सुरुवातीला जाहीर झालं होतं, ते लांबत गेलं. लांबलं म्हणून योजना चालली, असं माझं स्पष्ट मत आहे. ओळखपत्र बघणारा, चेहरा बघणारा, ‘बसा अम्मा’ म्हणणारा माणूस मध्ये होता. ती बैलगाडी होती, त्या कामाला योग्य अशी.

खिडकी बंद करून संकेतस्थळ उघडलं की खर्च वाचतो असं खात्यांना वाटतं. खर्च वाचत नाही, तो पलीकडच्या गाळ्यात सरकतो आणि तात्या तो भरतात. एका फेरीचे पन्नास रुपये आणि बंद भट्टीचा अर्धा दिवस. शिवाय विश्वास. “ओटीपी हेळी,” मुलगा म्हणतो, ओटीपी सांगा, आणि तात्या फोनच काढून त्याच्या हातात देतात. बँकेचा ‘ओटीपी कुणालाही सांगू नका’ हा मेसेजही तोच मुलगा वाचतो.

सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी एक निकाल दिला. न्यायमूर्ती जमशेद पारडीवाला आणि आर. महादेवन. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून यांना बँक खातं उघडता येईना, कारण केवायसीच्या कॅमेऱ्यासमोर पापणी मिटून उघडून ‘जिवंत’ असल्याचं सिद्ध करायचं होतं आणि तेजाबाच्या जखमांमुळे त्यांना ते शक्य नव्हतं. अंध याचिकाकर्तेही होते. न्यायालयाने वीस निर्देश दिले आणि डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं म्हटलं. तात्यांना मी हे सांगितलं. त्यांनी स्वतःचा अंगठा उजेडात धरून बघितला आणि विचारलं, “त्ये कागुद ह्या मिशनीला दावलं तर चालंल का?”

मुलाने त्यांना तिसऱ्या खेपेला बोलावलं. चेहऱ्यावरून ओळख पटवणारं ॲप आहे, त्यावर करून बघू, सर्व्हर हलका असेल तेव्हा. तारीख लिहायला त्याने खणातून एक दोनशे पानी वही काढली. मी वाकून बघितलं. नाव, मोबाइल, आधारचे शेवटचे चार आकडे, आईचं नाव, कुठल्या संकेतस्थळाचा कुठला पासवर्ड. बहुतेकांचा एकाच पद्धतीचा, नावापुढे ॲट आणि एकदोनतीन, कारण तो यानेच ठेवलेला. धोबी, सोनार, पापडवाल्या, दोन निवृत्त मास्तर. अशा वह्या आता तीन झाल्यात म्हणाला. हरवली तर? “हरवत नाही,” तो म्हणाला, “रोज कुलपात असते.”

यंदा दिवाळीला तो पाच दिवस गावी जाणार आहे. शटरवर कागद आत्ताच लावलाय. तात्यांच्या खात्याची मुदत त्यातल्या तिसऱ्या दिवशी संपते.